बंदुकीच्या दुर्बिणीला टोपडे

दिवाळीच्या अंकात चकलीच्या भाजणीविषयी लिहावे, फार तर आकाशकंदिलाविषयी लिहावे, अशी रीत आहे. शिकारी बंदुकीवरच्या दुर्बिणीला आवरण कोणते घालावे, हा विषय काढला की निम्मी वाचक मंडळी पान उलटतील. त्यांनी जरा थांबावे. दुर्बीण बंदुकीवरची असो, कॅमेऱ्याचे भिंग असो, की मुलाला वाढदिवसाला घेऊन दिलेली पक्षी पाहायची दुर्बीण असो. सर्वांचे दुखणे एकच आणि त्यावरचा उपायही एकच. शिवाय ह्या वस्तू बिघडतात त्या रानात नव्हेत. त्या बिघडतात कपाटात. आणि कपाटावर सत्ता कोणाची चालते, हे मी सांगायला नको!

आमची कोराडी म्हणजे नागपूरच्या उत्तरेला हाकेच्या अंतरावर. महालक्ष्मी जगदंबेचे देऊळ, तलाव आणि १९७४ सालापासून वीज देणाऱ्या औष्णिक केंद्राच्या उंच चिमण्या. इथे शिकारी बंदूक आली कुठून, असे कोणी विचारील. तर नागपूर प्रांतात मालगुजारी होती. ती १९५१ साली गेली, पण मालगुजारांच्या घरातल्या बंदुका काही गेल्या नाहीत. त्या काळी थंडीचे दिवस आले की सातपुड्याच्या पायथ्याशी, पेंचच्या काठाने, चांद्याच्या रानात तंबू पडत. पुढे १९७० मध्ये वाघाची शिकार बंद झाली आणि १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. शिकार हा शौक तिथे संपला. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगी मिळते तेवढीच काय ती वाट उरली. संपला ते चांगलेच झाले, असे माझे मत. पण काही घरांत रीतसर परवान्याची रायफल अजून आहे, आणि तिच्या पाठीवर एक दुर्बीण आहे.

अशाच एका घरचे आबा माझ्या शेजारी राहतात. वय ऐंशीच्या पुढे. मी शाळेत विज्ञान शिकवले म्हणून भिंगाचे कुठलेही दुखणे ते माझ्याकडे आणतात, चष्म्याचेसुद्धा. गेल्या श्रावणात त्यांनी आपल्या वडिलांच्या रायफलीवरून उतरवून ठेवलेली जर्मन दुर्बीण माझ्या हाती दिली. चार पटीची, निळसर काळ्या पोलादाची, कातडी नळकांड्यात ठेवलेली. नळकांडे इतके सुबक की तेच आधी पाहत राहावे.

"पाहा ना जी मास्तर," आबा म्हणाले, "नातीला तलावावरचे पक्षी पाहायला द्यायची आहे. पण हिच्यात धुकं शिरलं."

मी दुर्बीण उजेडाकडे धरून उलट बाजूने पाहिले. ते धुके नव्हते. भिंगाच्या कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरले होते. बुरशी. हिला काचेवर जगायला फारसे काही लागत नाही. बोटाचा तेलकट ठसा, धुळीचा कण आणि दमट हवा मिळाली की पुरे. आणि जगता जगता ती जे आम्ल सोडते, ते भिंगावरचा पातळ मुलामा खाते आणि पुढे काचही खाते. मग बुरशी पुसली तरी तिची रांगोळी कायमची राहते. आबांच्या दुर्बिणीत ती अजून कडेलाच होती, एवढेच नशीब. जाणत्या कारागिराने भिंग उघडून साफ केले आणि मधला भाग वाचला.

प्रश्न उरला तो असा की इतक्या जपणुकीत, इतक्या उत्तम कातड्याच्या आवरणात ही बया शिरली कशी? उत्तर त्या आवरणातच होते. सीताबर्डीवर कातड्याचे काम करणाऱ्या एका वृद्ध कारागिराला मी ते नळकांडे दाखवले. त्याने ते नाकाशी धरले, हुंगले आणि म्हणाला, "साहेब, चामडं पावसाळ्यात पाणी पेते अन् उन्हाळ्यात ओकते." पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात हे दोन पाने लिहून सांगितलेले असते. कातडे हवेतला दमटपणा शोषून घेते, झाकण घट्ट असल्यामुळे तो आतच कोंडतो, आणि शेजारी असते ती काच. म्हणजे आवरण दुर्बिणीचे रक्षण करीत नव्हते, बुरशीचे करीत होते!

तेव्हा आवरण घेण्यापूर्वी विचारायचे ते असे, की ते कुणापासून वाचवायचे? आमच्याकडे शत्रू ऋतूप्रमाणे बदलतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. जुलै-ऑगस्टमध्ये घरातले मीठही पाणी सोडते. आणि बाराही महिने धूळ. कोळशाच्या गावच्या धुळीत राखही आली. आपल्या कोळशात राखेचा वाटा ३० ते ४५ टक्क्यांपर्यंत असतो. ही उडती राख म्हणजे चुलीतली मऊ राख नव्हे. तिच्यात काचेसारखे सूक्ष्म गोळे असतात, शिवाय गारगोटीचे कण असतात, आणि गारगोटी काचेपेक्षा कठीण. अशी धूळ बसलेले भिंग पदराने किंवा धोतराच्या सोग्याने पुसले की ते पुसले जात नाही, घासले जाते. आधी घड्याळजी वापरतात तसल्या रबरी फुग्याने हवा मारावी, मग मऊ कुंचला, आणि अगदी शेवटी स्वच्छ धुतलेले मऊ फडके. आमच्या घरी चष्म्याच्या बाबतीत हा नियम लागू करण्याचा प्रयत्न मी तीस वर्षे करतो आहे. पदर अजून जिंकतो आहे.

आता बाजारात मिळतात ती आवरणे. एक म्हणजे नुसती दोन टोपणे, रबरी पट्ट्याने एकमेकांना जोडलेली. एक पुढच्या भिंगावर, एक डोळ्याकडच्या. स्वस्त आणि पावसात उत्तम. पण आपल्या उन्हाळ्यात रबर दोन-तीन वर्षांत चिकट होते नाहीतर तडकते, आणि चिकट रबराचा डाग काचेलगत कोणाला हवा? ह्यातच पारदर्शक टोपणे येतात. त्यांतून पाहता येते असे विक्रेता सांगतो. दिसते खरे, पण मच्छरदाणीतून दिसावे तसे.

दुसरा प्रकार स्प्रिंगच्या झाकणांचा. बोटाने कळ दाबली की झाकण टप्पकन उघडते. ही वस्तू मला आवडते. भिंगाला स्पर्श न होता झाकले जाते, आणि झाकण हरवत नाही. पण माप नेमके हवे. सैल असले तर पहिल्याच धक्क्याला पडेल, घट्ट असले तर बसवताना बिजागरी मोडेल. आणि मापातच लोक फसतात. दुर्बिणीवर ४×३२ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ वस्तू चार पट मोठी दिसते आणि पुढचे भिंग ३२ मिलिमीटर रुंद आहे. टोपण बसते ते भिंगावर नव्हे, भिंगाभोवतीच्या नळीवर. आणि ती नळी त्याहून चांगली जाड असते. तेव्हा छापलेल्या आकड्यावर जाऊ नये. कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळावी, जिथे टोक येते तिथे पेन्सिलीने खूण करावी, पट्टी सरळ करून मोजावी आणि ३.१४ ने भागावे. आबांच्या दुर्बिणीचा घेर १३.२ सेंटिमीटर भरला, म्हणजे बाहेरची रुंदी ४२ मिलिमीटर. डोळ्याकडचे टोक निराळे मोजावे. दोन्ही टोके सारखी असतील असे धरून चालू नये. हे गणित आबांच्या नातीने केले. सातवीत आहे. वर्तुळाचा परीघ कशासाठी शिकायचा, हा तिचा जुना प्रश्न त्या दिवशी सुटला.

तिसरा प्रकार मोज्याचा. पाणबुडे लोकांचा पोशाख ज्या फुगीर, ताणल्या जाणाऱ्या कृत्रिम रबरी कापडाचा असतो, त्या निओप्रीनचा हा मोजा दुर्बिणीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चढतो. धक्के, ओरखडे, धूळ, रिमझिम, ह्या सर्वांना चांगला. त्याचे माप घ्यायचे ते दुर्बिणीच्या पूर्ण लांबीचे. आबांच्या थोरल्या नातवाने हाच मागवला होता, आणि तो चढवून दुर्बीण पुन्हा कपाटात ठेवायची असा बेत होता. तो मी मोडला. कारण ओला झालेला मोजा म्हणजे दुर्बिणीला बांधलेले पोटीस. वरून कोरडा वाटतो, आत पाणी धरून ठेवतो. रायफलीवर चढवून ठेवला तर खालच्या पोलादाला गंज चढायलाही तेवढे पुरते. प्रवासात घालावा, घरी आल्यावर काढावा, दोरीवर वाळवावा.

म्हणून आमच्याकडे निकाल असा लागला, की बाहेरचे कपडे वेगळे आणि घरचे वेगळे. माणसाचे नाही का तसेच असते? बाहेर जाताना स्प्रिंगची झाकणे आणि वर मोजा. घरी आल्यावर मोजा काढायचा, आणि जुन्या धुवट मलमलीच्या, नाडी ओवलेल्या पिशवीत दुर्बीण घालून ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात. डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. औषधांच्या बाटल्यांत येतात त्या फार लहान. जरा मोठ्या विकत मिळतात. रंग बदलणारे दाणे घ्यावेत, म्हणजे ओल पिऊन तट्ट झाले की कळते. निळ्याचे गुलाबी होणारे दाणे मात्र घरात आणू नयेत. त्यांतला कोबाल्टचा क्षार विषारी आहे. नारिंगी रंगाचे घ्यावेत, आणि तेही तापवून वाळवायचे तर फराळाच्या कढईत नको. त्यांना एक जुना तवा वेगळा ठेवावा. कोणी तांदूळ घालायला सांगतात. तांदळाने मिठाची ओल भागते. दुर्बिणीला त्याची पिठी मात्र मिळते. डांबराच्या गोळ्याही नकोत. त्यांची वाफ थंड काचेवर जाऊन बसू शकते.

नव्या दुर्बिणींत आत नायट्रोजन भरून तोंडे बंद केलेली असतात. त्यामुळे आतल्या बाजूला वाफ धरत नाही. पण बाहेरची काच तर आपल्याच हवेत असते, तेव्हा डबा नव्या दुर्बिणीलाही हवा. आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा ती डब्यातून काढून हाताळावी, उजेडाकडे धरून पाहावी. बुरशीला अंधार आणि एकांत फार मानवतो. आवरणाला ऊन दाखवावे. दुर्बिणीला दाखवू नये. भिंगातून आलेले ऊन कापूस पेटवते हे आपण शाळेत पाहिले आहे. दुर्बिणीतून सूर्याकडे तर चुकूनही पाहू नये, डोळा जातो.

कातडी नळकांड्याचे काय केले, असे विचाराल. ते आबांनी टाकले नाही, मीही टाकू दिले नाही. ते दिवाणखान्यात कपाटावर उभे आहे, रिकामे.

परवान्याच्या रायफलीचा आणखी एक प्रसंग असतो, तो निवडणुकीचा. आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना शस्त्र जमा करावे लागते. २०२४ मध्ये लोकसभेसाठी १६ मार्चला आचारसंहिता लागली ती जूनपर्यंत, आणि पुन्हा नोव्हेंबरात विधानसभा. म्हणजे सबंध उन्हाळा रायफल दुसऱ्याच्या कोठडीत. जमा करताना मोजा काढून घ्यावा, पोलादाला हलके तेल लावावे आणि भिंगांवर फक्त टोपणे ठेवावीत. दुर्बीण उतरवून घरी ठेवायची असेल तर ठाण्यात विचारून पावतीवर तशी नोंद घ्यावी. आणि घरातला परवानाधारक निवर्तला तर वारसांनी आधी रायफल जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करायची असते. १९५९ चा शस्त्र कायदा तसे सांगतो. तेराव्यापर्यंत थांबू, मग बघू, असे ह्यात चालत नाही.

आबांनी स्वतःच हा विचार करून ठेवला आहे. मुलाला रायफल नको आहे. नातीला हवी आहे ती फक्त दुर्बीण, आणि ती रायफलीवरून कायमची उतरवली, म्हणूनच मी तिला हात लावला. बंदुकीवर बसवलेल्या दुर्बिणीतून पक्षी पाहणे म्हणजे पक्ष्यावर, आणि त्याच्या मागून चाललेल्या माणसावरही, नळी रोखणे. हे हौसेनेसुद्धा कोणी करू नये. सुटी दुर्बीणही पक्ष्यांसाठी फारशी सोयीची नाही, हे मी मुलीला सांगितले. बंदुकीचा धक्का डोळ्याला बसू नये म्हणून ती डोळ्यापासून तीनेक इंच दूर धरावी लागते, दिसणारा गोल लहान असतो, आणि मधोमध ती फुली. सालिम अलींनी लहानपणी, १९०८ साली, एअरगनने पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली आणि ती कोणती म्हणून विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, ही गोष्ट तिला माहीत होती. ती म्हणाली, "काका, मग माझी उलटी गोष्ट. मला दुर्बीण मिळाली, बंदूक नको."

तलावावर थंडीतली बदके उतरू लागली की तिची पहिली फेरी. मलमलीची पिशवी तिने स्वतः शिवली आहे. नाडी जरा आखूड पडली.