होमस्कूल, पण होममध्ये कोण?

गेल्या रविवारी मिस्सा संपली आणि चर्चच्या पायऱ्यांवरच वहिनीने बॉम्ब टाकला. "आम्ही पिल्लूला पहिलीत घालणार नाही. होमस्कूलिंग करायचं म्हणतोय!"

शेजारी उभ्या दादाच्या चेहऱ्यावर, फास्ट समजून स्लो ट्रेनमध्ये चढलेल्या माणसाचे भाव होते. म्हणजे 'आम्ही'मध्ये तो किती होता, ते कळलंच.

वहिनी काही झोळीवाली क्रांतिकारक नाही. अंधेरीला आयटीत आहे. तिच्या टीममध्ये बेंगळुरूचं एक ख्रिस्ती जोडपं आहे. त्यांची तिन्ही मुलं घरीच शिकतात. सकाळी बायबल, मग गणित, मग चक्क स्वयंपाक. व्हिडिओ कॉलवर तिने ते टाइमटेबल पाहिलं आणि पिल्लूचं दप्तर, सीनिअर केजीची ट्यूशन, प्रोजेक्टसाठी रात्री अकराला शोधलेला थर्माकोल हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. झालं! एक्सेल शीट तयार.

तिच्या एक्सेलचा पहिला कॉलम अमेरिका. बॉस, तिथे हा फंडा जुना आहे. १९६२ आणि १९६३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळांनी घ्यायच्या प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. आपल्या मुलांच्या शाळेतून देव गेला, असं अनेक ख्रिस्ती कुटुंबांना वाटलं. दुसरीकडे जॉन होल्टसारखे लोक वेगळ्याच कारणाने शाळेवर वैतागले होते. त्यांच्या मते शाळा मुलांची शिकण्याची हौसच मारते. १९८३मध्ये पालकांच्या कोर्टकचेऱ्यांसाठी संघटना निघाली आणि १९९३पर्यंत पन्नासही राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर झालं. उलट जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं. तिथलं रोमायके नावाचं ख्रिस्ती कुटुंब तर मुलांना घरी शिकवता यावं म्हणून २००८ साली अमेरिकेत गेलं आणि तिथे आश्रय मागितला.

हे सगळं ठीक आहे. पण आपण वसईत आहोत ना?

इथे देव शाळेतून गेलाच कधी? आमच्याकडे चर्च आणि शाळा अगदी शेजारी-शेजारी. रविवारी मिस्सेची घंटा, सोमवारी शाळेची. आणि या शाळांनी आम्हाला नुसता ख्रिस्ती धर्म नाही, मराठी दिली. नंदाखालच्या मराठी शाळेत शिकलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा अख्ख्या वसईची कॉलर टाइट होती. माझ्या वर्गात शेजारच्या बाकावर आगरी, वाडवळ, भंडारी मुली होत्या. नाताळात माझ्या डब्यातला केक त्यांनी संपवला, दिवाळीत त्यांच्या चकल्या मी. हे कुठल्या होम-करिक्युलममध्ये बसवणार?

मी हे वहिनीला ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "तुझी शाळा छान होती गं. पण पिल्लू तुझ्या शाळेत नाही जाणार. तिच्यासाठी आम्ही इंग्लिश मीडियमच शोधतोय. तुझ्या सगळ्या मैत्रिणींनी पण तेच केलंय."

आई शप्पथ! उत्तर नव्हतं माझ्याकडे.

मग आम्ही कायद्याकडे वळलो. २००९चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, असं त्याचं दहावं कलम सांगतं. पण न घातल्यास पालकांना शिक्षा काय, हे कुठेच लिहिलेलं नाही. या फटीतूनच आपल्याकडची घरशाळावाली कुटुंबं चालली आहेत. पुढे परीक्षेचे रस्तेही आहेत. एनआयओएस आहे, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे आणि दहावी बाहेरून देणाऱ्यांचा आपला जुना, लाडका १७ नंबरचा फॉर्म तर आहेच.

"आणि मालविका जोशी?" वहिनीने हुकमाचा एक्का टाकला. मुंबईची ही मुलगी सातवीत शाळेतून बाहेर पडली, घरी शिकली, प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन मेडल्स मिळवली आणि २०१६मध्ये दहावी-बारावीच्या सर्टिफिकेटशिवाय थेट एमआयटीत पोचली. सॉलिड!

पण त्या गोष्टीतलं एक वाक्य सगळे घाईत वाचतात. तिला घरी शिकवायला तिच्या आईने नोकरी सोडली होती.

मी विचारलं, "वहिनी, नोकरी कोण सोडणार?"

दादा एकदम मोबाइल बघायला लागला.

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. होमस्कूलमधल्या 'स्कूल'वर सगळे भांडतात, 'होम'कडे कुणी बघत नाही. दादा-वहिनीचा फ्लॅट सकाळी साडेसातला बंद होतो आणि रात्री आठला उघडतो. मधला सगळा वेळ विरार लोकल आणि ऑफिस यांनी वाटून घेतलेला. ते घर भरायचं तर एकाला थांबावं लागणार. ईएमआय दोघांच्या पगारावर बेतलेला आणि थांबणार कोण, हे न विचारताच ठरलेलं. धर्म, संस्कार, व्हॅल्यूज असे मोठे शब्द आले, की त्यांचं बिल गुपचूप बाईच्या नावाने फाटतं.

गंमत म्हणजे आमच्याकडे घरशाळा होतीच की! फक्त तिला हे नाव नव्हतं. निर्मळला आजीच्या घरी संध्याकाळी रोजरी व्हायची. त्यानंतर धर्मशिक्षणाचे प्रश्न आजी विचारायची आणि चुकलं की कादोडीत ओरडायची. केळीचा लोंगर कधी उतरवायचा, पानवेल कशी बांधायची, बावखलात कुठपर्यंत पाय टाकायचा, हे सगळं वाडीतच शिकलो. सकाळी शाळा, संध्याकाळी ही दुसरी शाळा. दोन्हींना हजेरी होती. आज पहिलीच्या फिया भरतोय आम्ही, पण दुसरी कधी बंद पडली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. पिल्लूला कादोडीतला ओरडा कळतसुद्धा नाही.

आमच्या फादरांशी बोलले. ते हसले आणि म्हणाले, १९६५ साली व्हॅटिकन परिषदेने शिक्षणावर जाहीरनामा काढला, तो वाचा. त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक, असं म्हटलंय. वहिनी खूश! पण त्याच जाहीरनाम्यात, शक्य असेल तिथे मुलांना कॅथलिक शाळेत पाठवा, असंही आहे. मग मी खूश! दादाने मात्र पहिल्यांदाच तोंड उघडलं. "आईवडील म्हटलंय ना? नुसती आई नाही?"

परवा रात्री जेवताना बराच खल झाला. वहिनी भडकलीही, रडलीही. तिला नोकरी सोडायची नव्हती. तिला फक्त आपल्या मुलीच्या वाढण्यात आपण कुठेतरी असावं, असं वाटत होतं. हे तिने कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. अमेरिकन टाइमटेबल मागण्यापेक्षा हे मागणं कठीण असतं, यार.

तर निकाल असा. पिल्लू जूनमध्ये शाळेत जाणार, चर्चच्या कंपाउंडमधल्याच. ट्यूशन बंद. दादाने मंगळवार आणि गुरुवारी घरून काम मागितलंय. बॉसने भुवया उंचावल्या म्हणे. उंचावू देत. वहिनी सोमवार, बुधवार ५.४०ची पकडणार, प्रमोशन गेलं तरी चालेल, असं म्हणतेय. मला ते अजून पटलेलं नाही. प्रमोशनही तिचंच आहे.

आणि शनिवारचा तास माझ्या गळ्यात पडलाय. विषय कादोडी.

प्रॉब्लेम एकच. मला ऐकलेलं सगळं कळतं, बोलायला गेलं की मराठीच बाहेर येतं. म्हणून शुक्रवारी ऑफिसातून थेट निर्मळ. आजी ऐंशीच्या पुढे आहे, कान थोडे गेलेत, आवाज मात्र तसाच आहे.

होमवर्क आधी मला आहे.