बोटाच्या थेंबावर मूत्रपिंडाची चाचणी : सोय खरी, पण आकडा किती पक्का?

इब्रामपूर (पेडणे) : डॉक्टरांनी ‘क्रिएटिनिन करून आणा’ म्हटलं की इब्रामपूरच्या रुग्णाचा एक दिवस गेलाच. रक्त द्यायला एक खेप, रिपोर्टला कधी दुसरी आणि काही गंभीर निघालंच तर म्हापसा ओलांडून बांबोळी. सीमेपलीकडच्या दोडामार्गकरांची वाटही तीच. त्यात २०१८ मध्ये गोमेकॉत परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झालं. अशा ठिकाणी रक्ताच्या थेंबावर काही मिनिटांत क्रिएटिनिन सांगणारं हातातलं यंत्र कुणालाही हवंसं वाटेल. मात्र ते घेण्याआधी कशासाठी वापरायचं, हे ठरायला हवं.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने नोव्हेंबर २०१९ मध्ये अशा तीन यंत्रांची शिफारस केली, तीही मर्यादित कामासाठी. शिरेतून रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन करायचा आहे, मूत्रपिंडाला धोका संभवतो आणि अलीकडचा रिपोर्ट हाती नाही, अशा बाह्यरुग्णांपुरती. कायमच्या आजाराचं निदान एवढ्यावर करा, असं तिथे म्हटलेलं नाही.

कारण आकड्यातच आहे. साठीतल्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.२ आलं, तर सध्याच्या प्रचलित सूत्राने मूत्रपिंडाची गाळणक्षमता साधारण ६९ येते. यंत्राने तेच १.४ दाखवलं, तर ती ६० च्या खाली घसरते. ही घसरण तीन महिने टिकली तर दीर्घकालीन आजार धरला जातो. म्हणजे ०.२ च्या चुकीने निरोगी माणूस घाबरेल. चूक उलट्या दिशेने झाली तर प्रकरण जास्त वाईट : आजारी माणूस ‘नॉर्मल’ ऐकून निवांत घरी जाईल.

पावसाळ्यात या यंत्राचा उपयोग वेगळा. शेतातल्या चिखलात राबणाऱ्याला लेप्टोची लागण झाली, तर मूत्रपिंडं थोड्या दिवसांत निकामी होऊ शकतात. तिथे दशांशापेक्षा वेळ मोलाची. आकडा चढलेला दिसला की रुग्णवाहिका लगेच बोलावता येते. पण पहिल्या दिवशी आकडा चांगला आला म्हणून ताप अंगावर काढायचा नाही. क्रिएटिनिन उशिरा वाढतं.

म्हणून रुग्णालयाने आधी ताळा जुळवावा. एकाच रुग्णाचं, एकाच वेळी घेतलेलं रक्त यंत्रावर आणि प्रयोगशाळेत तपासायचं. किती आजारी निसटले, किती निरोगी उगाच पाठवले गेले आणि खरोखर किती तास वाचले, हे मोजायचं. रक्त कमी असलेले रुग्णही त्यात हवेत, कारण काही यंत्रांचा आकडा तिथे हलतो.

खर्चाचा हिशेबही यंत्राच्या किमतीवर संपत नाही. प्रत्येक चाचणीला नवी पट्टी किंवा कार्ट्रिज लागते. काही कार्ट्रिज फ्रिजमध्येच ठेवाव्या लागतात आणि पावसाळ्यात वीज गेली की त्या बाद होण्याची भीती. पट्ट्या संपल्या की यंत्र कपाटात, रुग्ण पुन्हा बसस्टॉपवर.

मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी किंवा वेदनाशामक गोळ्या रोज घेणाऱ्यांनी यंत्राची वाट पाहू नये. वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्यावं. दुखणं जाणवेपर्यंत मूत्रपिंड बरंच गेलेलं असतं, मग घर सीमेच्या अलीकडे असो वा पलीकडे.