तुम्ही जा, मी पिशव्या सांभाळते

समुद्रावर सहलीला गेलेलं कुठलंही मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात, पोरं छातीएवढ्या पाण्यात, आणि आई? आई वाळूत. शेजारी चपलांचे चार जोड, खांद्यावर टॉवेल, मांडीवर सगळ्यांचे मोबाईल आणि चष्मे. ‘तुम्ही जा, मी पिशव्या सांभाळते’ हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटलंय त्याचा हिशोब नाही. गणपतीपुळ्याला म्हटलं, अलिबागला म्हटलं, मुलं लहान असताना गोव्याला म्हटलं. आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, म्हणताना कधी वाईटसुद्धा वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे मला फेब्रुवारीत अंदमानात कळलं.

झालं असं, की आमच्या भिशीतल्या नऊ जणींनी दोन वर्षं पैसे साठवून अंदमानची सहल ठरवली. घरून परवानगी मिळायला फारसा त्रास झाला नाही. ‘सावरकरांची कोठडी बघायला चाललोय’ म्हटल्यावर कोणता सासरा नाही म्हणेल! कोठडी पाहिली, डोळे भरून आले. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम झालंय) बोटीने दीड-दोन तासांवर हॅवलॉक बेट आहे. त्याचंही नाव २०१८ च्या अखेरीस स्वराज द्वीप झालं, पण बोलताना अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात. तिथल्या जेट्टीवरून छोट्या होडीने वीसेक मिनिटांत एलिफंट बीचला जायचं आणि स्नॉर्केलिंग करायचं, असं आमच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं.

स्नॉर्केलिंग म्हणजे काय, ते मलाही तोवर धड माहीत नव्हतं. डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मुखवटा, तोंडात एक वाकडी नळी, आणि पाण्यावर पालथं तरंगत खालचं प्रवाळ नि मासे बघायचे. पाठीवर सिलिंडर घेऊन खोल जातात ते वेगळं. इथे बुडी मारायची नसते. लाइफ जॅकेट अंगावर असतं, बरोबर तिथला माणूस रबरी रिंग धरून असतो, म्हणून पोहता न येणाऱ्यांनाही तो पाण्यात नेतो.

पण आदल्या रात्री हॉटेलवर विषय निघाला तर नवातल्या सात जणी काठावर बसणार! एकीचा गुडघा, एकीचं बीपी, एकीला ‘ह्यांना विचारलं नाही’, आणि बाकीच्यांचं एकच – ‘आपल्याला कुठे पोहायला येतं?’ येणार कसं? माझं माहेर खेड्यातलं. दोन्ही भाऊ शेतातल्या विहिरीत शिकले. मोठ्या काकांनी कंबरेला सुकलेला भोपळा बांधला आणि दिलं ढकलून. आठ दिवसांत दोघे माशासारखे पोहायला लागले. मी विहिरीच्या काठावर बसून त्यांचे सदरे सांभाळत होते. तेव्हा मी नऊ वर्षांची. म्हणजे पिशव्या सांभाळायचं शिक्षण किती लवकर सुरू होतं बघा.

आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या काकू एकसष्ट वर्षांच्या. काका जाऊन सहा वर्षं झाली. त्या इतका वेळ गप्प बसून पायाला तेल चोळत होत्या. एकदम म्हणाल्या, ‘एवढे पैसे भरून वाळूतच बसायचं, तर आपल्या नदीची वाळू काय वाईट होती गं?’ झालं! सकाळी नऊच्या नऊ जणी जेट्टीवर.

आणि इथे माझ्या लेखाचा खरा विषय सुरू होतो.

आमच्या सहलीच्या माणसाने होडी आधीच ठरवून ठेवली होती. जाऊन बघतो तर तिच्यात पाच जणांचं एक कुटुंब बसलेलं. आम्ही नऊ, म्हणजे चौदा. शिवाय होडीवाला आणि त्याचा पोऱ्या. मी जॅकेटं मोजली. दहा! त्यातल्या दोघांची बकलं तुटलेली, सुतळीने बांधलेली. विचारलं, तर उत्तर आलं, ‘कुछ नहीं होता मॅडम, बीस मिनट का रास्ता है.’

हे ‘काही होत नाही’ फार वाईट वाक्य आहे. २६ जानेवारी २०१४ ला ह्याच पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची एक बोट बुडाली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली होती. वीसहून अधिक जण गेले. आपल्या तारकर्लीला २४ मे २०२२ रोजी स्कूबा करून परतणारी होडी उलटली, दोघांचा जीव गेला, तेही किनारा जवळ असताना. आणि १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, ते तर आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पंधरा माणसं गेली. त्यात चूक प्रवासी बोटीची नव्हती, पण कितीतरी प्रवाशांच्या अंगात जॅकेट नव्हतं. ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्याच्या हातात सगळं नसतं, हे तरी त्यावरून कळावं.

मी म्हटलं, आम्ही ह्या होडीत बसणार नाही. आता गंमत ऐका. होडीवाल्याने फार वाद घातला नाही. वाद घातला आमच्याच बायकांनी! ‘जाऊ दे ना गं, कशाला तमाशा, सगळे बघतायत.’ ‘त्यांचा रोजचा धंदा आहे, त्यांना जास्त कळतं.’ एक वहिनी तर माझ्यावर रुसून लांब जाऊन उभ्या राहिल्या. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याला अर्धा तास धारेवर धरणाऱ्या ह्याच वहिनी! साडीचा काठ उलटून बघतो, दुधाचं पातेलं वाकवून माप बघतो, सोनाराकडे वजनकाट्याला डोळे लावून बसतो. आणि जिथे पोटच्या पोराचा जीव लागलेला असतो तिथे मात्र ‘ते पुरुष बघून घेतील’. आमच्याबरोबर तर पुरुषही नव्हता! तरी सवय सुटत नाही.

तासभर मोडला. पैसे परत मिळवायला सहलीच्या माणसाला तीन फोन करावे लागले. मग आम्ही स्वतः दुसरी होडी ठरवली, फक्त आमच्यासाठी, सकाळपासून दुपारपर्यंत. आधीचे परत मिळालेले पैसे धरून माणशी वाढीव भाग काढला, तो भिशीच्या एका हप्त्यापेक्षाही कमी निघाला. तिथे लहान होडीला डुंगी म्हणतात. होडीवाला बंगाली. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कितीतरी कुटुंबांना सरकारने ह्या बेटांवर वसवलं. हॅवलॉकच्या गावांची नावंसुद्धा गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर अशी आहेत. त्याला ‘दादा’ म्हटलं, आणि तो शब्द दोन्ही भाषांत सारखाच, त्यामुळे काम सोपं झालं.

दादाला मी काय काय विचारलं ते सांगते, कारण उद्या मालवणला किंवा गोव्याला तुम्हालाही तेच विचारायचंय. होडीत किती जणांची परवानगी आहे? परवाना दाखवता का? ओहोटी कधी आहे? (ओहोटीत पाणी उथळ होतं आणि प्रवाळावर पाय, गुडघे खरचटतात.) पाण्यात आमच्याबरोबर कोण उतरणार, आणि एका वेळी किती जणींना नेणार? मुखवटा, नळी, रिंग ह्याच पैशांत की तिथे गेल्यावर वेगळे मागणार? परत कधी निघायचं? अंदमान देशाच्या इतकं पूर्वेला, पण घड्याळ आपलंच, त्यामुळे हिवाळ्यात तिथे पाच-साडेपाचला दिवस मावळतो. जॅकेट तर प्रत्येकीने घालून, बकल लावून बघितलं. शेजारणीने खांद्यांना धरून ते वर ओढायचं. हनुवटीच्या वर सरकलं, तर पट्टे आवळायचे नाहीतर बदलून घ्यायचं. अर्धे पैसे आधी, अर्धे परत आल्यावर. दादा हसून म्हणाला, ‘दीदी, आप पुलिस में हो क्या?’ पण सगळी उत्तरं दिली. एकदाही चिडला नाही. नीट काम करणाऱ्याला प्रश्नांचा राग येत नाही, असा माझा बचत गटातलाही अनुभव आहे.

कपड्यांचं मोकळेपणाने लिहिते, कारण निम्म्या बायका तिथेच अडतात. साडी नको, ओढणी तर मुळीच नको, पाण्यात पायात अडकते. लांब बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज बास. ऊनही लागत नाही आणि संकोचही वाटत नाही. लांब मंगळसूत्र जॅकेटच्या बकलात अडकतं. आमच्यात तिघींनी काढून हॉटेलच्या कपाटात कुलूपबंद ठेवलं, दोघींना ते पटेना, त्यांनी ब्लाउजच्या पिनेने आत टाचलं. ज्याचा त्याचा प्रश्न. होडी लागत असेल तर गोळी निघण्याच्या आधी अर्धा तास घ्यावी. दमा, हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना घरूनच विचारून निघावं आणि होडीवाल्यालाही सांगावं. लाजू नये.

एलिफंट बीचवर २००४ च्या सुनामीनंतर कोसळलेली मोठमोठी झाडं वाळूत आडवी पडलेली दिसतात. मगरीबाबतचे फलक असतील तर ते वाचा, थट्टेवारी नेऊ नका. ह्याच बेटावर राधानगरजवळ २०१० मध्ये स्नॉर्केलिंग करणारी एक परदेशी तरुणी मगरीच्या हल्ल्यात दगावली होती. पाण्यात जाऊ द्यायचं की नाही हे तिथली माणसं रोज बघतात. त्यांनी नाही म्हटलं की नाही.

दादाचा भाचा दोघी-दोघींना नेत होता. पहिल्यांदा तोंड पाण्यात घातलं आणि नाकाने श्वास घ्यायला गेले, तर मुखवटा दाबला जाऊन जीव घाबरा झाला. डोकं वर काढलं, खोकले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तोंडाने श्वास घ्यायला जमलं, आणि मग खाली बघितलं.

काय सांगू! निळे-हिरवे पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते आणि त्याचा कुरकुर आवाज पाण्यात ऐकू येत होता. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, बरं का. लहान लहान जिवांची ती वसाहत असते. पाणी जास्त तापलं की त्यांच्या अंगातलं शेवाळ निघून जातं आणि ते पांढरे फटक पडतात. अंदमानात २०१० आणि २०१६ मध्ये तसं मोठ्या प्रमाणावर झालं. मला मध्ये मध्ये राखाडी, मेलेले पट्टेही दिसले. त्यावर उभं राहायचं नाही, तुकडा उचलायचा नाही. कायद्याने गुन्हा आहे. आमच्यातल्या एकीने देव्हाऱ्यात ठेवायला म्हणून उचललेला तुकडा दादाने तिथल्या तिथे परत टाकायला लावला.

काकू सगळ्यांत जास्त वेळ पाण्यात होत्या. भाच्याने दोनदा बोलावलं तरी येईनात. आल्या तेव्हा डोळे लाल झालेले. खारं पाणी असेल म्हणून मी काही विचारलं नाही. होडीत बसल्यावर त्याच म्हणाल्या, ‘ह्यांना पोहायला यायचं. गावच्या तळ्यात रोज जायचे. चाळीस वर्षं मी काठावर टॉवेल घेऊन उभी राहिले. मी काय बघत नव्हते, ते आज कळलं.’ रुसलेल्या वहिनींनी पिशवीतून लाडवाचा डबा काढला आणि पहिला लाडू काकूंना दिला. दुसरा मला.

परत आल्यावर आम्ही आमच्या गावच्या तलावाची चौकशी केली. तलाव आहे, महिलांची वेळही आहे. दुपारी दोन ते तीन! उन्हाच्या तडाख्यात, पोरं शाळेतून यायच्या आधी, जेवण नुकतं झालेलं असताना. शिकवायला बाई नाहीच. विचारलं, तर म्हणे ‘बायका येतच नाहीत’. दोन वाजता कोण येणार हो? सकाळची वेळ आणि शिकवायला बाई मिळावी म्हणून आम्ही अर्ज दिलाय. खाली सदतीस सह्या आहेत, पहिली काकूंची. पुढच्या सोमवारी उत्तर मागायला जाणार आहोत. काकूंनी पोहण्याचा चष्मा आणि टोपी आत्ताच विकत घेऊन ठेवली आहे.