विश्लेषण : केक चाखला परीक्षकांनी, निकाल मात्र प्रेक्षकांना अमान्य! ‘ब्रिटिश बेक ऑफ’वर इतके वाद का होतात?

विजेत्याला रोख बक्षीस नाही, गाडी नाही, हॉटेल उघडून देण्याचे आश्वासनही नाही. मिळतो तो केक ठेवण्याचा कोरीव स्टँड आणि फुलांचा गुच्छ. तरीही ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ या हौशी बेकर्सच्या स्पर्धेवर ब्रिटनमध्ये दर शरद ऋतूत एखाद्या पोटनिवडणुकीसारखी चर्चा झडते. कुणाला उगाच घरी पाठवले, कुणाला जास्त वेळ मिळाला, परीक्षकांचे लाडके कोण, यावरून तक्रारी थेट प्रसारणावर देखरेख करणाऱ्या ‘ऑफकॉम’पर्यंत गेल्या आहेत. ज्या पदार्थाचा एक घासही प्रेक्षकाच्या तोंडी लागलेला नाही, त्याच्या निकालावर तो इतक्या ठामपणे का बोलतो?

स्पर्धेचे स्वरूप काय?

१७ ऑगस्ट २०१० रोजी बीबीसी टू वाहिनीवर हा कार्यक्रम सुरू झाला. एका मोठ्या पांढऱ्या तंबूत साधारण डझनभर हौशी स्पर्धक, प्रत्येकाचा स्वतंत्र ओटा आणि ओव्हन. दर आठवड्याला तीन फेऱ्या होतात. पहिलीत स्वतःची हातखंडा पाककृती. दुसरी ‘टेक्निकल’, म्हणजे आयत्या वेळी हाती दिलेली आणि मुद्दाम अर्धवट ठेवलेली कृती वाचून पदार्थ करायचा. यात परीक्षकांना कुणाचा पदार्थ कोणता हे माहीत नसते. तिसरी डोळे दिपवणारी ‘शोस्टॉपर’. एक जण आठवड्याचा ‘स्टार बेकर’ ठरतो आणि बहुतेक वेळा एक जण घरी जातो.

प्रेक्षकांचे मतदान इथे नाही, हा भारतीय प्रेक्षकाने लक्षात घ्यावा असा मुद्दा. ‘बिग बॉस मराठी’त आवडत्या सदस्याला मत देऊन वाचवता तरी येते. इथे दोन परीक्षक ठरवतील ते अंतिम. मत देण्याची सोय नसल्याने मत मांडण्याची गरज मात्र दुप्पट होते, आणि ते मग समाजमाध्यमांवर, वृत्तपत्रांत आणि तक्रार अर्जांत उमटते.

‘बिनगेट’ प्रकरण काय होते?

या सगळ्याचा कळस २७ ऑगस्ट २०१४ रोजी प्रसारित झालेल्या भागात झाला. त्या दिवशी ‘बेक्ड अलास्का’ करायचा होता. केकच्या थरावर आइस्क्रीम, त्यावर फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचे जाड आवरण आणि मग क्षणभर कडक आच. बाहेरून तांबूस व्हावा आणि आतले आइस्क्रीम घट्टच राहावे, अशी त्यातली गंमत. तंबूत उकाडा होता. एका तरुण स्पर्धकाचे आइस्क्रीम फ्रीझरच्या बाहेर राहिल्याने वितळले. ते एका वयस्कर महिला स्पर्धकाने बाहेर काढल्याचे दृश्यांत दिसले. त्याने वैतागून अख्खा पदार्थ कचऱ्याच्या पेटीत टाकला आणि परीक्षकांसमोर ती पेटीच नेऊन ठेवली. चाखायला काहीच नव्हते, तो बाद झाला.

बीबीसीकडे आठशेहून अधिक तक्रारी आल्या. बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ या रात्रीच्या गंभीर वृत्तकार्यक्रमात त्या तरुणाला बोलावण्यात आले. समाजमाध्यमांवर त्या आजींच्या वयाच्या बाईंना घातपाती ठरवून शिवीगाळ झाली. आइस्क्रीम जेमतेम ४० सेकंद बाहेर होते, असे निवेदिका स्यू पर्किन्स यांनी तातडीने जाहीर केले, पण तोवर लोकांचा निवाडा होऊन गेला होता. पुढच्या भागात त्या बाई आजारपणामुळे नव्हत्याच. ऑफकॉमने चौकशीची गरज नसल्याचे सांगितले.

गंमत अशी, की आठशे तक्रारकर्त्यांपैकी कुणालाही तो पदार्थ चांगला होता की वाईट, हे सांगायचे नव्हते. त्यांचा आक्षेप होता तो न्यायावर.

प्रेक्षकांच्या मताचा आधार काय?

चव आणि वास दूरचित्रवाणीवरून पोहोचत नाहीत. गायनाच्या स्पर्धेत घरी बसलेल्याला सूर ऐकू येतो, नृत्याच्या स्पर्धेत पाय दिसतात. इथे दिसतो तो फक्त आकार, रंग, कापलेला काप आणि परीक्षकांचा चेहरा. दोन दिवसांच्या चित्रीकरणातून तासाभराचा भाग निघतो. ४० सेकंदांचे आइस्क्रीम पडद्यावर पाच मिनिटे वितळल्यासारखे वाटू शकते. कोणाचे अश्रू दाखवायचे, कोणाची चूक मोठी करायची, हे संकलनाच्या टेबलावर ठरते. त्यामुळे प्रेक्षक ज्याला ‘मी डोळ्यांनी पाहिले’ म्हणतो, ते कुणीतरी निवडून दाखवलेले असते.

परीक्षक पॉल हॉलीवूड यांच्या हस्तांदोलनाचेच पाहा. क्वचित एखाद्या उत्तम पदार्थाला ते न बोलता हात पुढे करत आणि तंबूत शांतता पसरे. २०१८च्या पर्वात हे हस्तांदोलन वरचेवर होऊ लागल्यावर त्याची किंमत उतरली, अशी ओरड प्रेक्षकांनी केली. ज्याची चव कळत नाही, त्या पदार्थाची प्रत प्रेक्षक याच खुणांवरून ओळखतो. खूणच स्वस्त झाली तर त्याच्या हाती काही उरत नाही. ही तक्रार वरवर पोरकट वाटते, पण ती रास्त होती.

राहुल मंडल यांच्या विजयावर आक्षेप का घेतले गेले?

त्याच २०१८च्या पर्वात कोलकात्यात जन्मलेले आणि शेफील्ड विद्यापीठात संशोधन करणारे राहुल मंडल विजेते ठरले. अबोल, सतत स्वतःच्याच कामावर शंका घेणारे राहुल लाखोंचे लाडके झाले होते, आणि नेमक्या याच कारणाने काहींना परीक्षक त्यांना झुकते माप देतात असे वाटू लागले होते. अंतिम फेरीत उष्णतेमुळे त्यांच्या ओट्यावरची काचेची बरणी फुटली. काचेचे कण साहित्यात गेले असण्याची शक्यता असल्याने आवराआवर करून पुन्हा सुरुवात करावी लागली आणि त्यांना १५ मिनिटे वाढवून देण्यात आली. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी हे प्रसारित होताच ‘ही सवलत कशासाठी’ असा गदारोळ झाला.

क्रिकेटमध्ये पावसामुळे वाया गेलेल्या वेळेचा हिशेब होतो, त्यावरही भांडणे होतात. इथे तर हिशेबाचे कोष्टकच नाही. बरणी फुटली त्यात स्पर्धकाचा दोष नव्हता, म्हणून वाया गेलेला वेळ परत देणे योग्यच होते. पण १५ मिनिटे म्हणजे नेमकी वाया गेलेलीच का, हे प्रेक्षकाला पडताळून पाहता येत नव्हते. त्याच अंतिम फेरीत स्पर्धकांना तंबूबाहेर शेकोटीवर पिटा भाजायला लावल्याने ‘ही बेकिंगची स्पर्धा की शिबिर?’ असाही सूर निघाला. तो आक्षेप बरणीच्या आक्षेपापेक्षा वजनदार होता. दहा आठवडे ओव्हनवरचे कौशल्य तपासून शेवटी जाळ कसा लावता येतो हे पाहण्यात काय हशील?

पुढच्याच वर्षी, २०१९मध्ये, एकदाही ‘स्टार बेकर’ न ठरलेले डेव्हिड अथर्टन विजेते झाले, तर चार वेळा तो मान मिळवलेली स्पर्धक अंतिम फेरीत ढेपाळली. सातत्याला काहीच मोल नाही का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला. २०२३च्या विश्वचषकात सलग दहा सामने जिंकून अहमदाबादेत अंतिम सामना हरलेल्या भारतीय संघाच्या चाहत्यांना ही हळहळ वेगळी समजावून सांगायला नको.

वाहिनी बदलल्याचा राग कशासाठी होता?

सप्टेंबर २०१६मध्ये कार्यक्रम बीबीसी सोडून चॅनेल फोरकडे जाणार असल्याचे जाहीर झाले. कार्यक्रमाचे हक्क बीबीसीकडे नव्हते, ते ‘लव्ह प्रॉडक्शन्स’ या निर्मिती संस्थेकडे होते. तीन वर्षांसाठी साडेसात कोटी पौंड, असा व्यवहाराचा आकडा ब्रिटिश माध्यमांनी दिला. बीबीसी परवाना शुल्कावर, म्हणजे प्रेक्षकांच्या थेट पैशांवर चालते. त्यामुळे आपल्या पैशांवर वाढलेले मूल दुसऱ्याने पळवले, अशी भावना झाली. मेल गिड्रॉइक आणि स्यू पर्किन्स या निवेदिकांनी, तसेच परीक्षक मेरी बेरी यांनी नव्या वाहिनीवर जाण्यास नकार दिला. गेले ते एकटे हॉलीवूड, आणि काही काळ त्यांना लोभी ठरवण्यात आले.

बीबीसीवरच्या २०१६च्या अंतिम फेरीला सुमारे एक कोटी ४० लाख प्रेक्षक होते, तर २०१७मध्ये चॅनेल फोरवरच्या पहिल्या भागाला सुमारे ६५ लाख. घसरण निम्म्याहून मोठी, तरी चॅनेल फोरच्या दृष्टीने हे आकडे सोन्यासारखेच होते. नवे परीक्षक प्रू लीथ आणि नवे निवेदक यांना प्रेक्षकांनी नाके मुरडत का होईना, स्वीकारले.

मेक्सिकन सप्ताहात काय चुकले?

परदेशी पदार्थांचे आठवडे हा कार्यक्रमाचा जुना प्रकार. २०२०च्या जपानी सप्ताहात मूळचे चिनी समजले जाणारे वाफवलेले बन करायला लावल्याने टीका झाली होतीच. ऑक्टोबर २०२२मध्ये मेक्सिकन सप्ताहात निवेदकांनी मोठ्या काठाच्या सोम्ब्रेरो टोप्या घातल्या, मेक्सिकन विनोद करावेत का यावरच विनोद केले आणि टेक्निकल फेरीत टाको करायला दिले. शब्दांच्या उच्चारांची दैना झाली ती वेगळीच. ब्रिटनपेक्षाही अमेरिकेत संताप अधिक उमटला, कारण तिथे हा कार्यक्रम वेगळ्या नावाने नेटफ्लिक्सवर पाहिला जातो आणि मेक्सिकन वंशाचा प्रेक्षक मोठा आहे. उद्या एखाद्या परदेशी तंबूत ‘मराठी सप्ताह’ भरवून निवेदकांनी फेटे बांधले आणि पुरणपोळीला ‘गोड टॉर्टिया’ म्हटले, तर पुणेकर किती वेळ गप्प बसतील?

निर्मात्यांनी २०२३च्या पर्वापासून देशांवर आधारित आठवडे बंद केले. यावरही मते दुभंगली. इतर देशांचे पदार्थ दाखवणेच थांबवणे म्हणजे घाबरून पळ काढणे, असे म्हणणारे प्रेक्षक होतेच. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. टीका पदार्थांवर नव्हती, गृहपाठ न करण्यावर होती, आणि गृहपाठ करणे हा उपाय उपलब्ध होता.

स्पर्धकांच्या वाट्याला काय येते?

व्यावसायिक कलाकाराला टीकेची सवय असते. इथले स्पर्धक परिचारिका, विद्यार्थी, निवृत्त शिक्षक असे लोक. २०१३च्या अंतिम फेरीत पोहोचलेली रुबी टँडोह हिने परीक्षकांना भुरळ घालून मजल मारली, असे आरोप झाले. अंतिम फेरीतल्या तिन्ही स्पर्धक महिला होत्या आणि स्पर्धा संपल्यावर टँडोहने ‘गार्डियन’मध्ये लेख लिहून या स्त्रीद्वेषी शेरेबाजीचा समाचार घेतला. २०१५मध्ये बांगलादेशी कुटुंबातील, हिजाब घालणाऱ्या नादिया हुसेन जिंकल्या. पुढच्या वर्षी राणी एलिझाबेथ यांच्या ९०व्या वाढदिवसाचा केक त्यांनीच केला. पण स्पर्धा सुरू असतानाच, बाद झालेल्या गोऱ्या स्पर्धकाने चॉकलेटची मशीद केली असती तर ती टिकली असती, असा टोमणा एका दैनिकाच्या स्तंभातून मारला गेला होता. ‘मला केक आवडला नाही’ आणि ‘ही बाई इथे का आहे’ यांतली रेषा प्रेक्षक अनेकदा ओलांडतो, आणि तेव्हा निर्माते बहुधा गप्प राहतात. चर्चा जितकी तापते, तितका कार्यक्रम पाहिला जातो.

भारतातही हेच घडते का?

बेकिंगपुरते नाही, पण पाककला स्पर्धांबाबत नक्कीच. ‘मास्टरशेफ इंडिया’चे २०१५चे पर्व पूर्ण शाकाहारी ठेवल्याने वाद झाला होता. २०२३च्या पर्वात माशाच्या आव्हानात एका जैन स्पर्धकाला माशाऐवजी पनीर देण्यात आले, तेव्हा परीक्षक पक्षपाती असल्याची झोड समाजमाध्यमांवर उठली. धर्म-आहाराचा मान ठेवायचा की सर्वांना एकच प्रश्नपत्रिका द्यायची, हा पेच राहुल मंडल यांच्या १५ मिनिटांपेक्षा कठीण आहे, कारण बरणी एकदाच फुटते आणि आहाराचा नियम दर आठवड्याला आड येतो. त्यावर नियम आधीच जाहीर असता, तर निदान त्या स्पर्धकावरचा रोष टळला असता.

निकाल आधीच फुटला तेव्हा काय झाले?

प्रसारणाच्या कित्येक आठवडे आधी चित्रीकरण उरकलेले असते. प्रेक्षक हिरिरीने भांडत असतो तेव्हा विजेता घरी तोंड मिटून बसलेला असतो. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रू लीथ भूतानमध्ये होत्या. वेळेच्या फरकात त्यांची गफलत झाली आणि अंतिम भाग दाखवला जाण्याच्या काही तास आधीच त्यांनी ट्विटरवर विजेतीचे नाव घेऊन अभिनंदन केले. ट्वीट लगेच पुसले, माफी मागितली, तरी नाव सर्वत्र पोहोचले होते. आता कोण पाहणार, असे प्रेक्षक दिवसभर चिडून लिहीत राहिले. त्या रात्री सत्तर लाखांहून अधिक लोकांनी तो भाग पाहिला.