निगेटिव्ह संगणकावर उतरवताना

घरोघरी कपाटात लग्नाच्या, ईदच्या फोटोंच्या निगेटिव्ह पडून असतात. रंगीत फिल्मचे रंग वर्षागणिक फिके पडतात, म्हणून त्या वेळेत संगणकावर उतरवलेल्या बऱ्या. त्यासाठी जुना फिल्म स्कॅनर कोणी देऊ केला, तर पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी पाहा.

पहिली, केबल. १९९० च्या दशकातले बरेच स्कॅनर ‘स्कझी’ जोडणीचे आहेत. ती आजच्या घरगुती संगणकाला नसते. यूएसबीचाच स्कॅनर घ्या.

दुसरी, ड्रायव्हर. जुना ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही. नवा मिळत नसेल, तर ‘व्ह्यूस्कॅन’ हे विकतचे सॉफ्टवेअर अनेक जुने स्कॅनर चालवते. आपले मॉडेल त्याच्या यादीत आहे ना, ते आधी तपासा.

३५ मिलिमीटर फिल्मवरचा एक फोटो ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. २४०० डीपीआयवर त्यातून सुमारे ७७ लाख बिंदू मिळतात. पाच बाय सात इंची छपाईला तेवढे पुष्कळ. धूळ पुसणारी इन्फ्रारेड सोय रंगीत फिल्मसाठी वापरा, साध्या कृष्णधवल फिल्मसाठी बंद ठेवा. तिच्यातली चांदी ते किरण अडवते.

फाइलची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि निगेटिव्ह टाकून देऊ नका. मुख्य म्हणजे स्कॅन करताना दादी-नानींना शेजारी बसवा. फोटोतली माणसे कोण, हे स्कॅनर सांगत नाही. त्यांनी सांगितलेली नावे आणि साल त्याच वेळी फाइलला द्या.