वाचता येते, पण उत्तर कुठे आहे?

२०२४च्या फेब्रुवारीत मी घरून काम करत जळकोटला होतो. साठी ओलांडलेल्या माझ्या खालाने तेव्हा साक्षरतेच्या परीक्षेला नाव नोंदवले होते. पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर असलेला भाचा घरात आहे म्हटल्यावर तिला शिकवायचे काम साहजिकच माझ्याकडे आले. मी एक छोटा उतारा लिहून दिला:

"आजी सोमवारी बाजारात गेली. तिने दोन किलो कांदे घेतले. पिशवी खाली ठेवून तिने पैसे दिले. पाऊस आल्यामुळे ती रिक्षाने घरी आली."

खालाने तो मोठ्याने वाचला. एकही अक्षर चुकले नाही. मी खूश झालो आणि विचारले, आजी घरी कशी आली?

"चलत आई. बाजार तो ये रहा, रिक्षा कायकू?"

आणि पिशवी कुठे ठेवली?

"थैली खाली थी ना."

मला घाई होती, साडेसहाला ऑफिसचा कॉल होता. "खाला, 'रिक्षाने' लिखो, 'जमिनीवर' लिखो," असे सांगून मी मोकळा झालो. तिने लिहिले, मी बरोबरची खूण केली. वही मिटताना तिने विचारले, "परीक्षा में बी तू बाजू में बैठता क्या? और बँक में?"

या प्रश्नासाठीच हे संपादकीय लिहितो आहे.

ही परीक्षा म्हणजे केंद्र सरकारच्या 'उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमा'तली पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान मूल्यमापन चाचणी. कार्यक्रम २०२२ ते २०२७ या पाच वर्षांचा आहे आणि पंधरा वर्षांवरच्या, शाळा न पाहिलेल्या सगळ्यांसाठी आहे. शिकवणारे स्वयंसेवक असतात, मानधन नसते. महाराष्ट्रात ही चाचणी १७ मार्च २०२४ला, रविवारी झाली. रमजानचा पहिलाच आठवडा होता, म्हणजे आपल्याकडच्या अनेक अम्मी-खालांनी रोजा ठेवून पेपर लिहिला. पेपर १५० गुणांचा: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येक भागात वेगवेगळे ३३ टक्के लागतात. त्यामुळे आयुष्यभर भाजीचा हिशोब तोंडी करणारी बाई संख्याज्ञानात पुढे असली, तरी ते गुण तिला वाचनात उपयोगी पडत नाहीत.

वाचनात आपली माणसे अडकतात कुठे? अक्षरावर फार कमी. अडकतात ती अर्थावर.

याचे एक कारण आपल्या घरातच आहे. आपण सगळे लहानपणी नाजरा शिकलो. हरफ ओळखायचा, जेर-जबर सांभाळायचे, उच्चार नीट काढायचा. तिलावतीची बरकत वेगळी आणि तिचा हेतूही वेगळा, त्याबद्दल इथे काही म्हणायचे नाही. पण ज्यांनी आयुष्यात फक्त असेच वाचन केले, त्यांच्यासाठी 'वाचणे' म्हणजे 'बरोबर उच्चारणे'. शेजारच्या काकूंचे पोथीच्या पारायणाबाबत काही वेगळे नाही. परीक्षेचा उतारा मात्र उच्चारासाठी दिलेला नसतो.

१९८६ साली फिलिप गफ आणि विल्यम टन्मर या दोन अभ्यासकांनी वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. वाचन म्हणजे अक्षरे उलगडणे गुणिले भाषा समजणे. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तरही शून्य. आपल्या जनगणनेची व्याख्याही हेच सांगते: सात वर्षांवरची जी व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून वाचू-लिहू शकते ती साक्षर. त्यातला 'समजून' हा शब्द आपण गाळतो.

आता गंमत पाहा. आपला जिल्हा 'लातूर पॅटर्न'साठी ओळखला जातो. मी अकरावी-बारावीला लातूरला होतो. प्रश्न आधी वाच, मग उतारा वाच, सोपे आधी सोडव, काही कोरे ठेवू नकोस, हे आमच्या अंगात भिनवले गेले. त्याच घरातल्या आयांना मात्र आपण 'अलिफ-बे'च्या किंवा 'क-ख-ग'च्या पुढे नेत नाही. ज्या युक्त्यांवर आपण इंजिनिअर झालो, त्या त्यांच्यासाठीही आहेत.

दुसऱ्या दिवसापासून मी उत्तर सांगणे बंद केले आणि पद्धत बदलली. जे उपयोगी पडले ते सांगतो.

पहिले, प्रश्न आधी वाचायचा आणि प्रश्नातला एकच शब्द पकडायचा. 'कोण' असेल तर उत्तरात माणूस येणार. 'कुठे' असेल तर जागा. 'केव्हा' म्हणजे वार, वेळ किंवा तारीख. 'किती' म्हणजे आकडा. 'का' असेल तर उताऱ्यात 'मुळे', 'म्हणून', 'कारण' यांपैकी एक शब्द शोधायचा, उत्तर त्याच्या आसपासच असते. आजी रिक्षाने का आली? 'पाऊस आल्यामुळे'. खालाने 'मुळे'वर बोट ठेवले तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही.

दुसरे, उत्तर कागदावर दाखवायचे. मी तिला नुसते "उत्तर काय?" असे विचारत नव्हतो, "कुठे लिहिलंय?" असे विचारत होतो. जळकोटच्या बाजारातून खाला चालत येते हे खरेच आहे, पण उताऱ्यातली आजी रिक्षाने आली. आपली माणसे अनुभवाने शहाणी असतात आणि त्या शहाणपणातूनच चुकीचे उत्तर देतात. बोट ठेवता आले नाही, तर ते उत्तर कागदाचे नाही, आपल्या मनातले आहे.

तिसरे, प्रत्येक वाक्यानंतर थांबून तेच आपल्या दखनीत सांगायचे. इथे मराठी आणि आपली बोली यांच्यातले चकवे उघडे पडतात. 'खाली' म्हणजे मराठीत जमिनीवर किंवा तळाशी, आपल्याकडे रिकामे. 'आई' म्हणजे मराठीत अम्मी, आपल्याकडे 'ती आली'. मराठीतली 'तालीम' कुस्तीची, आपली तालीम शाळेची. खाला चुकली नव्हती, तिने शब्द दुसऱ्या भाषेत वाचला होता. अशा शब्दांची एक यादीच वहीच्या मागच्या पानावर करा.

चौथे, वाक्याच्या शेवटापर्यंत जायचे. मराठीत नकार बहुतेक वेळा शेवटी येतो. 'ही गोळी उपाशीपोटी घेऊ नये.' अर्ध्यात थांबलात तर अर्थ नेमका उलटा. 'नाही', 'नको', 'नये' हे शब्द दिसले की त्याखाली पेन्सिलने रेघ मारायची. पर्यायी उत्तरांच्या प्रश्नात 'कोणते नाही?' असे विचारले असेल तर दोन रेघा.

पाचवे, नाव नोंदवतानाच भाषा ठरवायची. महाराष्ट्रात ही चाचणी मराठीबरोबर उर्दूतूनही देता येते. जी लिपी हाताला आहे ती घ्या, त्यात कमीपणा नाही. पण परीक्षा उर्दूतून दिली तरी एसटीची पाटी, रेशनचा कागद, तहसीलची नोटीस मराठीतच येणार, म्हणून मराठीचा सराव सोडू नका.

हे आपल्या आजोबांच्या पिढीने भोगले आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी कारभार उर्दूत होता. माझे दादा उर्दू दस्त वाचून दाखवायचे, लोक दारात बसायचे. पुढे १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्र झाला, आणि तेच दादा मराठी नोटीस हातात घेऊन माझ्या अब्बांची वाट पाहू लागले. माणूस तोच होता, समोरचा कागद बदलला होता.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. आपल्यातले कित्येक जण पुण्या-मुंबईत, हैदराबादेत नोकरीला आहेत. घरी फोनवर आपण अम्मीला म्हणतो, "काळजी नको, मी ओटीपी सांगतो, मी फॉर्म भरतो." परीक्षेच्या तयारीतही हेच करतो, उत्तर सांगून टाकतो. त्यात प्रेम असते, पण घाईही असते. सांगितलेल्या उत्तराने प्रमाणपत्र मिळेल. पुढचा कागद समोर येईल तेव्हा आपण शेजारी नसू. त्या कागदाला गुण नसतात, सही असते.

खाला वाचनात पास झाली. गुण बेताचेच. त्यानंतर काही महिन्यांनी गल्लीतल्या बायकांकडे गटकर्जाचा एक कागद सहीसाठी आला. तिने मला फोन केला. म्हणाली, "'व्याज' लिखेला है. 'किती' का जवाब आकडा रहता बोला था ना तू? आकडा नै है इसमें."

मी तिला एवढेच सांगितले की आकडा दिसल्याशिवाय सही करायची नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूक्ष्मकर्जाच्या नियमांनुसार कर्जदाराला व्याजाची आणि इतर आकाराची माहिती देणारे साधे माहितीपत्रक द्यावे लागते, आणि कर्जाचे कार्ड त्याला समजेल अशा भाषेत असावे लागते. तिने ते माहितीपत्रक मागितले. सोबतच्या चार बायकांनीही सह्या थांबवल्या.

येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा एक पेन्सिल आणि चार ओळींचा उतारा घेऊन अम्मीशेजारी बसा. ती वाचेल. मग विचारा, "कुठे लिहिलंय?" आणि ती बोट ठेवेपर्यंत गप्प राहा.