गोधडी भंगारात, तिची छापील नक्कल पलंगावर

आज जरा कडू लिहिते आहे. राग आला तर खुशाल भांडा, पण पूर्ण वाचून भांडा.

सध्या आपल्या आदिलाबादेत नवीन घर झालं की बैठकीत 'रेट्रो' पाहिजे. ठिगळांची नक्षी छापलेलं बेडकव्हर, चौकड्यांचे कुशन, जुन्या फरशीचं चित्र असलेला प्लास्टिकचा गालिचा, लुगड्याच्या काठासारखी किनार लावलेले पडदे, आणि भिंतीवर वारली. यात वाईट काही नाही. घर सजवावं, हौस करावी. माझं भांडण दुसरं आहे. ज्या महिन्यात हे सगळं ऑनलाइन मागवलं, त्याच महिन्यात माळ्यावरची खरी गोधडी, पितळी घंगाळ आणि क्रोशाचे रुमाल भंगारवाल्याच्या गाड्यावर गेले. खरी वस्तू किलोच्या भावात द्यायची अन् तिची नक्कल हजारांत घ्यायची! याला विसरणंही म्हणता येत नाही, कारण विसरलो असतो तर नक्कल घेतली नसती. आठवण हवी आहे, फक्त तिचं ओझं नको आहे.

गोधडीची नक्षी आली कुठून, ते बघा. लुगडं विरलं, धोतर फाटलं, की त्याचे थर एकावर एक घालायचे आणि ते सरकू नयेत म्हणून धावदोरा मारायचा. कडेनं सुरुवात करून आत आत येत गेलं की टाक्यांचे चौकोनात चौकोन आपोआप तयार होतात. ठिगळ कुठं बसेल ते कापड कुठं फाटलं यावर ठरायचं. म्हणजे त्या नक्षीत घराचा हिशोब असायचा: हे आजीचं इरकली, हा मामाच्या सदऱ्याचा तुकडा, हे बाळाचं झबलं. आता कारखान्यात एकसंध कापडावर ठिगळं छापतात. जिथं काही फाटलंच नाही तिथं ठिगळ काहून पाहिजे बापा?

गादी-लेपाचंही तसंच. आपला मुलूख कापसाचा. पिंजारी दारात यायचा, धनुकलीचा टणत्कार गल्लीभर ऐकू यायचा. आपण त्याला पिंजारी म्हणायचो, तेलुगू शेजारी दूदेकुला म्हणायचे, लेप मात्र दोघांचा सारखाच उबदार. आज कापसाच्या जिल्ह्यात आपण पॉलिस्टरच्या रजयांत झोपतो.

बरं, वारली. ती कला थोर आहे, पण ती डहाणू-पालघरकडची. इथं आपल्या उशाशी काय आहे? जैनूरकडचं ओतीव पितळी डोकरा काम. मातीच्या गाभ्यावर मेणाची तार गुंडाळून नक्षी करायची, वरून पुन्हा माती लिंपायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत पितळ ओतायचं. साचा फोडूनच वस्तू बाहेर निघते, म्हणून एकासारखी दुसरी होत नाही. २०१८ मध्ये 'आदिलाबाद डोकरा' या नावानं त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. निर्मल तर २०१६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं. पोणकीच्या हलक्या लाकडाची तिथली खेळणी, सोनेरी रंगाची चित्रं, तबकं एके काळी लग्नात भेट म्हणून द्यायचे. आपल्या किती बैठकींत आज निर्मलची एक तरी वस्तू आहे? मोजा.

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'ते इथलं, आपलं नाही. आपण मराठी.' मंडळी, हे उत्तर मला सगळ्यांत जास्त टोचतं. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यात होते, मुधोळ, भैंसा, कुबीर नांदेडात होते. राज्यांची पुनर्रचना झाली, ते तिकडं गेले, हे इकडं आले. माणसं आपापल्या ओसरीवरच बसलेली होती, सरकली ती रेघ. आणि जी सोलापुरी चादर आपण अस्सल मराठी म्हणून पाहुण्याला अंथरतो, तिच्या मागावर पिढ्यान्पिढ्या कोण बसलं? तेलंगणातून सोलापुरात गेलेले पद्मशाली विणकर. मग आपलं काय आणि त्यांचं काय, ते वाटून दाखवा.

माझ्या स्वयंपाकघरात सासूबाईंच्या तपेल्यावर त्यांचं नाव देवनागरीत कोरलं आहे. त्याच्याच शेजारी आदिलाबादेत घेतलेली परात आहे, तिच्यावर नाव तेलुगूत आहे, कारण कोरणाऱ्याला तेच येत होतं. एका फळीवर दोन लिप्या. आपलं कुटुंब इथं कसं रुजलं याचा असा पुरावा कुठल्या दप्तरात मिळणार नाही. आणि आपण तो वितळवायला देतो!

आता उलट बाजू. सूनबाई म्हणतात, 'आई, गोधडी मशीनमध्ये बसत नाही, वाळायला दोन दिवस लागतात.' खरं आहे. रोज पांघरा असं माझं म्हणणंच नाही. दुसरी एक भाची फार नेमकं बोलली, 'मावशी, आजीनं गोधड्या शिवल्या त्या रजई घ्यायला पैसे नव्हते म्हणून. दिवसभर राबून रात्री चिमणीच्या उजेडात डोळे फोडले. ते गोड काहून करता?' तिचं म्हणणं मला मान्य आहे. त्या कष्टाला कुणी दाम दिला नाही, नावही दिलं नाही. पण म्हणूनच ती गोधडी भंगारात घालणं हा तिचा दुसऱ्यांदा केलेला अपमान आहे. आणि सुनांनी पुन्हा सुई धरावी असंही मी म्हणत नाही. ज्यांच्या हातात आजही सुई आहे त्यांना पैसे द्या. आपल्या वस्त्यांत, खेड्यांत गोधडी शिवून देणाऱ्या बाया अजून आहेत. तिथं आपण काय करतो? कित्येक दिवसांच्या कामावर घासाघीस करतो, अन् मोबाईलवर छापील किमतीला मुकाट बोट दाबतो.

तेव्हा माझं मागणं एवढंच. माळा रिकामा करायच्या आधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला समोर बसवा आणि एकेक वस्तू कुणाची, कुठून आली ते विचारा. उत्तर कागदावर लिहून त्या वस्तूसोबत ठेवा. नाव कोरलेलं एक तरी भांडं मोडीत घालू नका. पुढच्या गृहप्रवेशाला भेट द्यायची तर निर्मलची किंवा डोकऱ्याची द्या, ठरलेल्या किमतीत द्या. आणि रेट्रो पाहिजेच असेल, तर घरातली जुनी लुगडी घेऊन शिवणाऱ्या बाईकडे जा, ती मागेल तो दाम द्या, आणि कोपऱ्यात तिचं नाव अन् साल दोऱ्यानं घालून घ्या.